कोळशावरची मोटार

कोंडाजीने मोटार आणली ती बैलांनी ओढून. पनवेलकडून ती चौक गावात शिरली तेव्हा पुढे दोन बैल, मागे दोर, आणि स्टेअरिंगवर कोंडाजी असा ऐटीत बसलेला, की जणू बैलांना तोच ढकलत होता. गावाने पोटभर हसून घेतलं. त्याची बायको चंद्राबाई तेवढी हसली नाही. तिने म्हैस गोठ्यातून सोडून पडवीत बांधली आणि गोठा झाडून मोटारीला जागा केली.

ही मोटार चालली तर नवरा घरी राहणार, हे तिला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून कोंडाजी मुंबईत एका शेटकडे ड्रायव्हर होता. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, आणि म्हैस त्याला ओळखू लागायच्या आत परत जायचा. आता दुसरं महायुद्ध चालू होतं. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही नशिबात असलं तर. शेटने एक जुनी मोटार भंगारात काढली. पुढे दोघांपुरती बसायची जागा, मागे उघडा हौदा, आज जिला पिकप म्हणतात तसली. कोंडाजीने ती मागून घेतली. शेट म्हणाला, "घेऊन जा, पण अमावास्येपर्यंत जमलं नाही तर कामावर परत ये. तोवर तुझी जागा राखून ठेवतो." शेट माणूस चांगला होता. चंद्राबाईला मात्र तो सवतीसारखा वाटायचा.

पेट्रोल नाही तर मोटार चालणार कशावर? कोळशावर! मुंबईत कोंडाजीने अशा गाड्या पाहिल्या होत्या. हौद्यात लोखंडी पिंप बसवायचं, त्यात कोळसा पेटवायचा, खालून हवा बेताने द्यायची. त्या धगीतून जो वायू निघतो तो नळीने इंजिनात सोडला की गाडी पळते. गोमा लोहाराने जाड पिंपाला झाकण, जाळी आणि नळ्या बसवून दिल्या. धगीने लोखंड जळून जाऊ नये म्हणून कोंडाजीने मुंबईहून आणलेल्या खास मातीचा थर पिंपाला आतून दिला. कोळसा डोंगरातल्या वाडीवरचा पोशा आणून टाकायचा. तो मोटारीभोवती फेरी मारून म्हणाला, "दादा, कोळसा खाऊन ही शेन बी टाकंल काय?"

चंद्राबाईला गोठ्यात यायची बंदी नव्हती, पण बोलावणंही नव्हतं. ती डोकावली की कोंडाजी म्हणायचा, "हात लावू नको गं. यंत्राचं काम हाय." मग ती मुकाट्याने आपल्या शेगड्यांकडे वळायची. नवरा मुंबईला असायचा त्या वर्षांत ती रिकाम्या डब्यांना आतून माती लिंपून शेगड्या करायला शिकली होती, आणि चौकच्या बाजारात त्या हातोहात खपायच्या.

पहिली चाचणी झाली त्या दुपारी अर्धं गाव गोठ्याशी जमलं. पिंप पेटलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि एकदाचं धडधडू लागलं. कोंडाजीने अंगणात गाडी पुढेमागे करून दाखवली, म्हैस दावं तोडून पळाली आणि पोरांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं. कोंडाजीला स्वर्ग दोन बोटं उरला. खालापूरच्या वखारवाल्याची चौकला साठवलेली कोळशाची पोती कर्जत स्टेशनावर पोचवायचं काम मिळायचं होतं, पहिली खेप अमावास्येच्या आदल्या दिवशी. त्याला वर्दी द्यायला कोंडाजी तसाच खालापूरला निघाला. जाताना पिंपाची हवा तेवढी बंद करून गेला. हवा तुटली की निखारे आपोआप विझतात, हे बायकोला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. यंत्राचं काम ना ते!

चंद्राबाई गोठ्यात आली तर पिंप रसरसलेलं. वर छप्पर गवताचं. शिवाय आतला एवढा चांगला कोळसा फुकट राख होणार. तिच्या सासूने तिला पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल तर हेच, की चूल उरकली की निखाऱ्यांवर पाणी मारायचं आणि कोळसा उद्याला ठेवायचा. गावातली प्रत्येक बाई हेच करायची. तिने पदर खोचला, फडक्याने झाकण उघडलं आणि घागरभर पाणी आत ओतलं.

वाफेचा लोट छपराला भिडला. आत काहीतरी तडतडलं, मग धपकन पडलं. वाफ ओसरल्यावर तिने वाकून पाहिलं. मातीच्या थराला चिरा गेल्या होत्या आणि मोठं ढेकूळ सुटून तळाशी पडलं होतं. फुटलेली चूल कशी दिसते हे तिला कुणी सांगायला नको होतं. नवऱ्याला घरी ठेवणारं एकच साधन, आणि त्यावर तिनेच पाणी ओतलं होतं. मोटारीच्या चाकाला टेकून ती ढसाढसा रडली.

कोंडाजी आला तो शीळ वाजवतच. "काम मिळालं गं!" तो दारातूनच ओरडला.

"अवो, माज्या हातनं वाटोळं झालं," ती म्हणाली. "मी त्यात पानी वतलं."

कोंडाजीने आत पाहिलं. तो चिडला असता, चार शब्द बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता उंबऱ्यावर बसला. "ती माती आता मुंबईतबी मिळायची नाय," तो म्हणाला. "समदी कारखान्यांना जाती. जातो आता मी परत. दुसरं काय?"

हे ऐकलं आणि चंद्राबाईचं रडू थांबलं. तिला मनस्वी राग आला, स्वतःचा आला होता त्याहून जास्त.

"जातो म्हनं! पानी वतू नको, येवढं सांगून गेला असता तर तोंड दुखलं असतं काय?"

"तुला कशाला सांगू? त्यात तुजं काय काम?"

"माजं काय काम?" ती उठली. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला पिंपापाशी नेलं. "बगा वाकून. भायेरनं पत्रा, आतनं माती, खालनं हवा. शेगडी हाय ही! मोठी हाय इतकंच. या गावात शेगड्या कोन करतं?"

कोंडाजीने एकदा पिंपात पाहिलं, एकदा तिच्याकडे. "तू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोशाने वारुळाची माती आणून टाकली. चंद्राबाईने फुटकी कौलं कुटून त्यांचा चुरा चाळला, त्यात माती आणि भाताचं तूस घालून सगळं पायांनी तुडवलं. पिंपात कोंडाजीचा खांदा शिरत नव्हता, तिचा शिरायचा. कंबरेपर्यंत आत वाकून ती थापत गेली. बाहेरून तिचे दोन पाय तेवढे दिसत, आणि पोशाला हसू आवरेना.

थर झाला, पण हवेचं भोक तिने शेगडीसारखं ऐसपैस ठेवलं होतं. कोंडाजी म्हणाला, "येवढं नको. ह्यात हवा जास्ती गेली तर वायू आतच जळून जायचा." ती म्हणाली, हवेबिगर कोळसा पेटलेला कुणी पाहिलाय? बराच वेळ जुंपली. शेवटी कोंडाजीने बोटाच्या मापाचा नळीचा तुकडा आणून तिच्या हातात दिला. तिने तोंड वाकडं केलं, पण थापलेलं खरवडून काढलं आणि त्या नळीभोवती पुन्हा लिंपलं. खरं म्हणजे तिला बरं वाटलं होतं. नवऱ्याशी घरच्या कामावरून असं भांडायला तिला आजवर मिळालंच नव्हतं.

मग वाट पाहणं आलं. कोंडाजीला धीर निघेना. जाळ करून माती लवकर सुकवू म्हणून तो लाकडं घेऊन आला, तर ती पिंपापुढे उभी राहिली. "सावलीत सुकंल. मंग तुसाची मंद धग. घाई केली तर पुन्हा तडा." रोज सकाळी ती आत हात घालायची आणि म्हणायची, "अजून वली हाय." अमावास्या जवळ येत होती. ओल तिच्या हाताला लागायची आणि रात्री ती उरलेले दिवस बोटांवर मोजायची. नवऱ्यासमोर मात्र तिने चेहरा पक्का ठेवला.

खेपेच्या दिवशी माती वाजवून पाहिली तर खापरासारखी वाजली. चाचणीला वेळ नव्हता. हौद्यात पोती भरली, पिंप पेटलं, इंजिन सुरू झालं. "खाती ती कोळसा, वाहती ती बी कोळसा," पोशा म्हणाला.

"मागं पिंपाजवळ कोनतरी पायजे," कोंडाजी म्हणाला. "पोशा, बसतोस का?"

"माती माजी हाय," चंद्राबाई म्हणाली आणि पोत्यांवर पाय देऊन वर चढलीसुद्धा. रस्त्याकडेची माणसं बघत राहिली. कुणीतरी ओरडलं, "कोंडाजीनं बायकोला क्लीनर केली!" तिने पदर कंबरेला घट्ट खोचला आणि लोखंडी सळी हातात घेतली.

सपाटीला गाडी झकास चालली. कर्जतच्या अलीकडे चढ लागला आणि इंजिनाचा दम तुटू लागला. गाडी माणसाच्या चालीहूनही सावकाश चालू लागली. मागून येणारे गाडीवान बैलांचा चाबूक मोटारीला दाखवून हसले. चंद्राबाईने झाकण उघडलं, धूर चुकवत तोंड बाजूला केलं. कोळसे वरच्या वर अडकून बसले होते आणि खाली पोकळी पडली होती. धगीला खायला काही उरलंच नव्हतं. तिने सळी घालून जीव खाऊन रेटली. एकदा, दोनदा. कोळसा धडाधड खाली बसला. तिने झाकण दाबलं आणि टपावर थाप मारून ओरडली, "थांबू नका! चला, चला!"

इंजिन खोकलं, अडखळलं, आणि मग जोरात ओढू लागलं. चढ मागे पडला. मातीला तडा गेला नव्हता.

कर्जत स्टेशनाच्या मालधक्क्यावर वखारीच्या मुकादमाने पोती उतरवून घेतली. "परवा दुसरी खेप," तो म्हणाला. "पन कोंडाजी, तू तर उद्या मुंबईला निघाला, असं आयकलं."

चंद्राबाईने सळी पुसायचं सोडून मान वर केली.

"मी गेलो तर ही चालंल कशी?" कोंडाजी म्हणाला. "एकट्याच्या हातची नाय ही गाडी. पिंपाचं समदं तिला कळतं. मी नुसता चाक फिरवतो."

पलीकडच्या फलाटावर मुंबईची गाडी लागली होती. या स्टेशनावर चंद्राबाई किती वेळा आली असेल त्याला गणती नव्हती. दर शिमग्यानंतर, दर गणपतीनंतर ती नवऱ्याला पोचवायला यायची, गाडी वळणाआड गेली की बैलगाडीत एकटीच मागे बसायची, आणि गाडीवानाला दिसू नये म्हणून चौक येईपर्यंत तोंडात पदर धरून रडायची. शिट्टी झाली. गाडी हलली, डबे एकामागून एक पुढे गेले, फलाट मोकळा झाला. कोंडाजी तिच्या शेजारीच उभा होता, नाकाच्या शेंड्यापर्यंत काळा झालेला.

"मोकळी हाय मोटार," तो म्हणाला. "पुढं बस."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "चला घरी," ती म्हणाली. या स्टेशनावर हे दोन शब्द तिने नवऱ्याला आजवर कधीच म्हटले नव्हते.