कोल्ह्याचं शिंग आणि विमलबाईचा तवा

साहेब, कोल्हा मारणं गुन्हा आहे, असं तुमच्याच वनखात्याच्या कचेरीच्या भिंतीवर रंगवलंय. मग मोताळ्याच्या बाजारात भरदिवसा कोल्ह्याचं शिंग नाचत होतं, तेव्हा पहिल्या खुर्चीवर गळ्यात हार घालून टाळ्या कोण पिटत होतं?

मांडवात मुंगीला जागा नव्हती. शृंगनाथ महाराजांच्या मांडीवर तांब्याचं ताट, ताटात शेंदूर फासलेलं बोटभर केसाळ शिंग. महाराज डावा हात उपरण्याआडून ताटाखाली घेऊन पुटपुटत, की शिंग सरसर सरकत भक्ताकडे वळे.

"हजार कोल्ह्यांत एक राजा! त्याच्याच टाळूवर हे उगवते. धुऱ्यावर पुरा, उंदीर बायको-पोरं टाकून पळते!"

लोक हसले आणि हसता हसताच हात जोडले.

विमलबाई पुढेच बसली होती. सोयाबीनच्या शेंगा उंदरांनी कुरतडल्या तेव्हा तिनं एक शिंग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पुरलं होतं. आता हरभऱ्याचे घाटे चालले होते. तोही गेला तर वर्षभर चुलीवर काय ठेवायचं? म्हणून नवरा पंजाबराव तिला दुसरं शिंग घ्यायला घेऊन आला होता. पिशवीत बाजारात घेतलेला नवाकोरा लोखंडी तवा.

"एक पुरलं तर उंदीर वाढले. दुसरं कशाले?" शेजारून पद्मजाबाई म्हणाल्या. गावच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत.

"एकानं भागत नसंन, मॅडम."

"कोल्ह्याले शिंग पाह्यलं काय कधी?"

"राजाले असते म्हणे."

"कोल्हा कुत्र्याच्या जातीचा, विमलबाई. तुमच्या मोत्याले फुटलं काय शिंग? द्या तो तवा इकडं."

महाराजांना काही कळायच्या आत पद्मजाबाईंनी ताट उचललं, त्या जागी तवा ठेवला आणि शिंग तव्यावर टाकलं. "नाचवा आता."

शिंग ढिम्म. उलट तव्याच्या बुडाला काहीतरी कट्‌कन बसलं. बाईंनी तवा उचलला, तसा महाराजांचा डावा हातही उपरण्यातून वर आला. बोटातली अंगठी तव्याला चिकटलेली! अंगठीत लोहचुंबक. तांब्यातून त्याची ओढ आरपार जाते, लोखंड मात्र त्याला धरून ठेवतं.

"काय बे महाराज, तवा सोडवत नाही काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

बाईंनी नारळवाल्याच्या कोयत्यानं शिंग चिरलं. आत डिंक आणि गंजका खिळा. वरून गुंडाळलेलं कातडं, केसांसकट.

"केस वाढतात म्हणे याचे," पद्मजाबाई म्हणाल्या. "ओलं कातडं सुकलं की आखडते, केस लांब दिसतात. हे खऱ्या कोल्ह्याचं कातडं आहे."

विमलबाईनं त्या केसांवरून बोट फिरवलं. "अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या नाल्यातले कोल्हे काऊन ओरडत नाही आता?"

पंजाबराव खाली पाहू लागला. "महाराज म्हणे, कोल्हा आणून द्या, शिंग फुकट न्या. म्या फासे लावले. जोडी होती."

"अन् पिल्लं?"



"कोल्हा उंदरावर जगते, पंजाबराव," बाई म्हणाल्या. "रानडुकराचं पिल्लूही उचलते. तुमच्या वावराची राखण तेच करत होते."

"म्हंजे राखणदार मारून देला," विमलबाई म्हणाली, "अन् त्याचंच कातडं राखणीले पुरलं!" तिनं तवा पिशवीत टाकला आणि नवऱ्याकडे न पाहता चालू लागली. हरभरा वाचणार नव्हता. नाल्यात आता कोणी उरलंच नव्हतं.

लोकहो, ज्या जनावराला निसर्गानं शिंग दिलं नाही, त्याला कोणताही महाराज ते देऊ शकत नाही. डोळ्यांनी पाहा, हातानं चिरा, मग हात जोडा.

आणि साहेब, तोवर तुमची खुर्ची रिकामी झाली होती. हार तेवढा खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. महाराजांच्या टोपलीत तसली कितीतरी शिंगं होती, म्हणजे तितकी कातडी होती. ती कुठून आली, हे तुम्ही महाराजाला एकदाही का विचारलं नाही? विमलबाई उत्तर मागतेय. द्या.