कानांवरचा माझा हक्क

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं एका पुस्तकाशी अजिबात पटत नाही.

माझी उमेदीची वर्षं किहीमच्या डॉक्टर दिनानाथांच्या गळ्यात गेली. पुढे त्यांनी मला आपल्या भाचीला, हेमालीला दिलं. ती अलिबागला डॉक्टरकी शिकते. तिने मला नव्या रबरी नळ्या बसवल्या. मला वाटलं, आता हिचे कान माझेच.

पण दर गुरुवारी तिच्या कॉलेजातल्या एक मॅडम वर्गात एका पुस्तकातल्या गोष्टी वाचून दाखवू लागल्या. मग मुलांनी एखाद्या रुग्णाचा दिवस त्याच्याच तोंडून लिहायचा. डॉक्टरांना गोष्टी कशाला हव्यात? तरी माझी हेमाली ते गोष्टींचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायची आणि मी खुंटीवर! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तेव्हा वॉर्डात कृष्णाबाई होत्या. सारा जन्म मिठागरात गेलेला. हृदय थकलं म्हणून मीठ बंद, जेवण अळणी. तरी पायांची सूज उतरेना. मोठे डॉक्टर गोळ्या वाढवत होते. छातीत पाणी आहे, हे मी रोज सांगत होतो. असंच चाललं तर त्या जगणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं.

हेमाली त्यांचाच दिवस लिहायला बसली आणि जेवणापाशी अडली. म्हणून ती त्यांच्याकडे गेली. सवयीने मला कानांत घातलं. कृष्णाबाई काहीतरी पुटपुटल्या. तिने मला काढून चक्क बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आजी, अळणी जेवण घशाखाली उतरतं का हो?"

कृष्णाबाईंनी उशीखालून एक पुडी काढली. "यातलं घेते चिमूटभर. आमच्या मिठागराचं शेवटचं मीठ हाय, बाय. बांध फुटला, खाडी आत आली, समदं गेलं. आता हे वाया घालवू व्हय?"

हेमाली रागावली नाही. "मिठाच्या पहिल्या राशीला नारळ फोडता ना? मग हेही देवापुढे ठेवा. ताटात नको."

"व्हय गो, देवाम्होरं वाया न्हाय जायाचं," म्हणत त्यांनी पुडी लेकाच्या हाती घरी पाठवली.

पुढे छातीतलं पाणी ओसरलेलं सगळ्यांत आधी ऐकलं ते मीच. पण मॅडमनी वर्गात हेमालीचं लिखाण वाचलं आणि टाळ्या पडल्या, तेव्हा माझं नावसुद्धा निघालं नाही. पुस्तक मात्र बाकावर ऐटीत!

मला अजून त्याचा हेवा वाटतो. तरी मित्रांनो, उद्या डॉक्टर झालात तर मला जपा, रोज पुसा. आणि समोरचं माणूस बोलू लागलं की मला कानांतून काढा. मी कानांत असलो की त्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या पुस्तकाने सांगण्याआधी हे मीच सांगून टाकतो.