कोरडा रुमाल

सिनेमागृहातून घरी येईपर्यंत गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही. थोरली सून मागच्या सीटवर मुलीला चिकटून बसली होती आणि समोरच्या आरशात सासऱ्यांचा दिसेल तेवढा चेहरा वाचत होती. त्या घरात वाचायला एवढंच होतं.

सासऱ्यांना सगळे बाबा म्हणत. रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान, दोन्ही मुलं त्याच दुकानात, दोन्ही सुना घरात. रविवारी दुपारच्या खेळाला अख्खं कुटुंब न्यायचं आणि संध्याकाळी चहावर प्रत्येकाचं मत विचारायचं, हा बाबांचा नेम. सुरुवात सर्वांत लहानापासून. का, तर मोठ्यांचं ऐकून लहानांनी पोपटपंची करू नये. "खरं खरं बोलायचं. आपल्या घरात लोकशाही आहे," असं ते दर वेळी म्हणायचे.

लोकशाही! बाबांच्या मनात असेल ते मत बरोबर, बाकी सगळी चूक. चुकलेल्याला ते ओरडायचेही नाहीत. धाकट्यानं एकदा त्यांना न आवडलेल्या सिनेमाला भारी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गल्ल्यावरून उठवून त्याला गोदामात डबे उचलायला लावलं. वर्ष गेलं, तो अजून डबेच उचलतोय. सासूबाईंनी फार पूर्वी एका सिनेमातल्या खलनायकाला देखणा म्हटलं होतं. तेव्हापासून त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. पाहुण्यांना सांगतात, सर्दीनं गेला कान.

म्हणून थोरलीनं एक काम अंगावर घेतलं होतं. थिएटरात बाबांच्या शेजारची खुर्ची तिची. दिवे मालवले की सगळे पडद्याकडे बघायचे आणि ती बाबांकडे. जबडा आवळला, की नापसंत. पाय हलला, की कंटाळा. मध्यंतरात सगळ्यांना पॉपकॉर्न आणलं, की खूश. घरी आल्यावर चहा तीच द्यायची. कपाचा कान उजवीकडे असला तर सिनेमा चांगला, डावीकडे असला तर वाईट. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. भीतीनं माणूस आपोआप हुशार होतो, आणि लाचारही.

आज मात्र चुकून चालणार नव्हतं. चिऊला, थोरलीच्या मुलीला, दुसऱ्या शहरात नर्सिंगला जागा मिळाली होती. उद्या दुपारच्या आत तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. महिनाभर बाबांनी हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. काल जेवताना म्हणाले, "उद्या सिनेमा बघून आल्यावर सांगतो." आणि सिनेमा कुठला निवडला? विजेच्या खांबावर चढून तारा जोडायचं काम शिकणाऱ्या मुलीचा. बाप तिला अडवतो, ती जुमानत नाही, निघून जाते. म्हातारा बाप शेवटी अंधाऱ्या घरात एकटाच मरतो.

मध्यंतरात बाबा जागेवरून उठले नव्हते. जबडा सैल होता, पाय स्थिर होता. थोरलीला काहीच वाचता येईना. पण अगदी शेवटी, म्हातारा अंधारात चाचपडत असताना, बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे टिपले. एकदा, मग पुन्हा एकदा. थोरलीचा जीव भांड्यात पडला. दगडाला पाझर फुटला म्हणायचा!

तिनं सगळ्या कपांचे कान उजवीकडे ठेवले.

"हं," बाबा आरामखुर्चीत टेकले. "चिऊबाई, बोला. कसा वाटला?"

चिऊनं कपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "खूप आवडला, बाबा. ती पहिल्यांदा खांबावर चढली ना, तेव्हा मला वाटलं मीच चढतेय. हात घामेजले माझे."

"आणि बापाला सोडून गेली ते?"

"गेली नसती तर तीसुद्धा त्याच अंधारात बसली असती."

थोरलीनं चिऊकडे डोळे वटारले. एवढं बोलायची काय गरज होती कार्टीला? पण बाबांनी नुसती मान हलवली. "पुढे."

"छान होता," धाकटी सून म्हणाली. "गाणी जरा कमी होती, पण छान होता."

"मस्त एकदम," धाकट्यानं री ओढली. "मुलीचं काम तर, काय सांगू बाबा, तोडलंय तिनं."

"तोडलंय म्हणे," बाबा हसले. त्यांच्या हसण्यावर धाकटाही हसला, गरजेपेक्षा जरा जास्तच. बाबांनी कप उचलला नव्हता. चहावर साय धरायला लागली होती.

"आता सूनबाई. तुला एक विचारतो. मी कोणासाठी रडलो?"

थोरलीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"अगं, तू बघत होतीस ना? बघतेसच तू. लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेयस. मला काय, कळत नाही होय?" बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "बघ. हात लावून बघ."

रुमाल कडक इस्त्रीचा होता, घडीसुद्धा न मोडलेला. आणि कोरडा ठणठणीत.

"म्हटलं, आज डोळे टिपून बघू," बाबा शांतपणे म्हणाले. "घर काय बोलतं ते कळेल. कळलं. चहाच्या कपावर चालतं माझं घर." त्यांनी आपल्या कपाचा कान बोटानं हळूच डावीकडे फिरवला. "आता बोल धाकट्या. कसा होता सिनेमा?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "तसा... म्हणजे... बापाची बाजू नीट दाखवली नाही त्यांनी."

"आणि तू गं?"

"लांबला होता जरा," धाकटी पुटपुटली.

थोरला, म्हणजे चिऊचा बाप, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. भिंत पडली असती तरी त्यानं मान वर केली नसती.

"चिऊ?" बाबांनी आवाज मऊ केला. तो मऊ झाला की सगळ्यांना घाम फुटायचा. "पुन्हा सांग. नीट विचार कर. उद्याचं तुझं सगळं यावर आहे."

चिऊनं आईकडे पाहिलं. ती आता शब्द फिरवणार, हे थोरलीला दिसलं. आणि फिरवून उपयोग नाही, हेही दिसलं. आज फिरवले की ती आयुष्यभर फिरवत बसणार. एका माणसाच्या जबड्याकडे बघत म्हातारी होणार.

"तिचं राहू द्या," थोरली म्हणाली. "पाळी माझी आहे. माझं मत राहिलंय."

"बोल की."

"मी सिनेमा बघितलाच नाही."

"काय?"

"आजचा नाही, मागचा नाही, एकही नाही. तुमच्या शेजारी बसून इतके सिनेमे झाले, मला एकाचीही गोष्ट सांगता येणार नाही. मी फक्त तुम्हाला बघितलंय." तिनं सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्याबद्दल मत सांगू? खरं खरं?"

"अगं गप्प बस!" थोरला पहिल्यांदाच बोलला. बायकोला गप्प करायला मात्र तोंड उघडलं त्याचं.

"सांगू दे," बाबा म्हणाले. डोळ्याची पापणीही हलली नाही.

"आम्ही सगळे तुम्हाला घाबरतो. दारात तुमच्या चपला दिसल्या की घरातलं बोलणं बंद होतं. तुम्हाला तो मान वाटतो, बाबा. तो मान नाही. आणि तो सिनेमातला म्हातारा... त्याच्यासाठी तुम्हाला खरंच रडायला यायला हवं होतं."

बाबा उठले. थोरलीनं डोळे मिटले आणि मान आखडून घेतली. कानशिलावर येणाऱ्या हाताची ती वाट बघू लागली. हात आला नाही. बाबा बाहेरच्या दाराशी गेले, त्यांनी वरची कडी लावली, खालची लावली, आणि आरामखुर्ची फरफटत नेऊन दाराला टेकवली.

"पोरगी कुठंही जाणार नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले आणि बायकोकडे वळले. "आता हिचं राहिलं. काय गं, तुझं मत काय?"

सासूबाईंचं मत ठरलेलं. यांचं तेच माझं. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं," सासूबाई म्हणाल्या. "उजव्यानं येतं अजून." मग थोरलीकडे वळून, जणू बाकी कोणी खोलीत नाहीच, अशा थाटात त्यांनी विचारलं, "पोरीचं स्वेटर ठेवलंस का बॅगेत? तिकडं थंडी असते म्हणतात."

बाबांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की बोटांची पेरं पांढरी पडली. ते बोलत नाहीत, करतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"ठेवते," थोरली म्हणाली आणि चिऊचा दंड धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली.

मायलेकींनी कपड्यांच्या घड्या घातल्या. बाहेर एक कप फुटल्याचा आवाज झाला. मग दुसरा. दोघी जागच्या जागी थिजल्या आणि पुन्हा घड्या घालायला लागल्या.

"आई, सकाळी ते उठलेच नाहीत दारातून, तर?"

"तर खुर्चीसकट बाजूला सरकवू."

"कोण?"

थोरली बॅगेची चेन ओढत होती, पण ती मध्येच अडकली. चिऊनं तिचे हात बाजूला केले आणि चेन लावली.