अठराशे घरांच्या कस्तुराबाई

पालमच्या अलीकडं पाच किलोमीटरवर एक गाव आहे आणि त्या गावात कस्तुराबाई एकट्या राहतात. मालक, बन्सीधर, जाऊन चार वर्षं झाली. ते होते तेव्हा ओसरीवर माणसांचा राबता असायचा, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. ते गेले आणि माणसांची पावलं अशी वळली की विचारू नका. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं येणं बंद. माणसं वंगाळ असतात असं मी म्हणणार नाही. विसरभोळी असतात, आणि ते जास्त वाईट.

तर फेब्रुवारीत सरकारी पाहणीची अनुपमा नावाची मुलगी टॅब घेऊन आली. गावातलं एकच घर चिठ्ठीत निघालं होतं, ते नेमकं कस्तुराबाईंचं. घरात माणसं किती? एक. टीव्ही? हाय, पण बंद हाय. गेल्या तीस दिवसांत बाहेरची किती माणसं तुमच्याकडं जेवली?

"एकबी न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ते स्वतःच्या कानानं ऐकू आलं.

सरपंच कल्याणराव दारातच उभे होते. सरकारी माणूस दिसलं की जाऊन उभं राहायचं, ही त्यांची जुनी खोड. "मॅडम, एका म्हातारीला विचारून काय कळायलंय तुमाला?"

"एक नाही, सर. या भागातल्या अठराशे घरांच्या वतीनं हे एक घर धरलंय. महिन्याभरानं दुसऱ्या फेरीला येते मी," असं म्हणून अनुपमा गेली.

झालं! कल्याणरावांनी मनात हिशोब मांडला. अठराशे घरं, आणि एकाही घरात पाहुणा जेवत नाही? आधीच गावातल्या पोरांना पोरी मिळंनात. आता इथं पाहुण्याला कोणी घास घालत नाही असं सरकारी कागदावर आलं, तर कोणता बाप पोरगी देईल? त्यांनी त्याच दुपारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाळी लावली. रोज दोन घरांनी आपापला शिधा घेऊन कस्तुराबाईंकडं जेवायला जायचं. जो चुकेल त्याचा नळ बंद.

पहिल्या दिवशी दिनकरराव बायकोला घेऊन आले, मुकाट्यानं भाकरी खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाले, "काकू, ध्यानात ठिवा बरं का, मी जेवलोय." दुसऱ्या दिवशी लिंबाजी पक्कड घेऊन आला, कारण अठराशे टीव्ही बंद ठेवून कसं चालेल? एकदा कस्तुराबाई नुसत्या शिंकल्या, तर कल्याणराव डॉक्टरला मोटारसायकलवर घालून हजर. अठराशे घरांत सर्दी म्हणजे साथच की हो!

कस्तुराबाईंना आधी राग आला. माणसं आपल्यासाठी नाही, आकड्यासाठी यायलीत, हे न कळायला त्या काय खुळ्या होत्या? पण दुसऱ्या आठवड्यात बायनाबाई जेवण झालं तरी उठेचना. पाय पसरून सुनेची गाऱ्हाणी सांगत बसली ती चार वाजेपर्यंत. लिंबाजी पाळी नसताना आला. माळ्यावरचं मोठं पातेलं खाली उतरलं, त्यात येसराची आमटी रटरटू लागली, आणि कस्तुराबाईंना लय बरं वाटलं. इतकं बरं की भीती वाटायला लागली. एके दिवशी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कल्याणा, ती पोरगी येऊन गेल्यावर काय रं?"

"मग काय, काकू! एकदा आकडा लागला की सुटलाव आमी," कल्याणराव ढेकर देत म्हणाले.

भाकरी तव्यावरच करपली.

अनुपमा आली त्या दिवशी कल्याणरावांनी कुठं कमी पडायला नको म्हणून अंगणात एकतीस माणसांची पंगत बसवली होती. अनुपमानं टॅब उघडला. "मावशी, गेल्या तीस दिवसांत बाहेरची किती माणसं तुमच्याकडं जेवली?"

कस्तुराबाईंनी पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"एकबी न्हाई," त्या म्हणाल्या.

कल्याणरावांचा घास हातातच राहिला. "अवो काकू! ही बघा माझी पत्रावळ! तिसऱ्यांदा आमटी घेतलीय मी! मॅडम, तुमीच बघा की!"

"बघतेय, सर," अनुपमा बिचारी गोंधळून म्हणाली. "पण मला बघितलेलं लिहिता येत नाही. घरचं माणूस सांगेल तेच लिहायचं."

"पण त्या धडधडीत खोटं बोलायल्यात!"

"तसा रकाना नाही, सर."

तिनं बोट टेकवलं आणि शून्य गेलं. अठराशे घरं पुन्हा पाहुण्यावाचून झाली. एकतीस माणसं तोंडात घास धरून ते बघत राहिली.

"पुढची फेरी कधी गं बाई?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"तीन महिन्यांनी."

कल्याणराव डोकं धरून बसले होते. कस्तुराबाई पातेलं घेऊन त्यांच्यापुढं आल्या, पळीभर आमटी वाढली आणि म्हणाल्या, "जेव बाबा पोटभर. आन् उद्या पाळी कुणाची हाय ते सांग. पीठ किती मळायचं, ते कळाया पायजे मला."