पुठ्ठ्याखालची ओळ

सरांच्या खोलीत निळा उजेड होता. खिडकीला निळी काच, पुढे रंगीत पाण्याच्या बाटल्या, आणि त्यांतून झिरपलेलं ऊन ताईच्या हातांवर संथ हलत होतं. तिथे बसल्यावर पाय जमिनीला टेकलेत असं वाटतच नव्हतं. मी पहिल्यांदाच आलो होतो आणि मलाही गुंगी आली, खोटं कशाला बोलू? वाटलं, आपणही डोळे मिटावेत आणि कुणीतरी म्हणावं, होईल सगळं ठीक.

ताईच्या छातीत गाठ होती. ऑपरेशनची तारीख उद्याची. ती जाणार नव्हती, कारण निळ्या पाण्याने गाठ विरघळते असं सर म्हणाले होते.

"ह्यांच्यावर भरवसा कशावरून?" मी कुजबुजलो.

"भिंत बघ की, डोळे फुटलेत का?"

भिंतीवर अकरा प्रमाणपत्रं. पाहिली आणि माझी गुंगी खाडकन उतरली. अकराही चौकटी माझ्या हातच्या! चार वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या फ्रेमच्या दुकानात आलं होतं. चेहरा विसरलो, पण केलेली चौकट मी विसरत नाही. "आतला पुठ्ठा खालून दोन बोटं जास्त ठेवा, शेवटची ओळ झाकली जाऊ दे." मी ठेवला. गिऱ्हाईक सांगेल तसं कापायचं, कागद वाचायचा नाही, ही आमची शिस्त. आग लागो त्या शिस्तीला.

सर आले. आवाज सायीसारखा.

"किती जणांच्या गाठी विरघळल्या, सर?"

"पुष्कळांच्या."

"आणि नाही विरघळल्या ते?"

"ते परत येत नाहीत."

"येत नाहीत, की उरतच नाहीत?"

"शंका हाच खरा आजार असतो, बंधू."

"गप रे, लाज आणतोस," ताई पुटपुटली.

मी उठलो, मधली चौकट उतरवली आणि मागच्या पत्र्याच्या पट्ट्या नखांनी उचकटल्या.

"अहो! काय करताय?" साय फाटली.

काच निघाली, पुठ्ठा निघाला. चार वर्षं अंधारात पडलेली ओळ निळ्या उन्हात वर आली, तळ्यातून काहीतरी तरंगून यावं तशी: 'तीन दिवसांच्या शिबिरास श्रोता म्हणून उपस्थित.'

ताईने ती वाचली. पुन्हा वाचली. मग पुठ्ठा हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"हा तू कापलास."

"हो."

"डावा कोपरा तुला आजवर सरळ जमलेला नाही."

माझी मान वर होईना. सर दाराकडे बोट दाखवून ओरडत होते, पण ते सगळं फार लांबून ऐकू येत होतं. ताईने पिशवी उचलली, त्यातली निळी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सकाळी सातला न्यायला ये. भूक लागली तरी मला खायला देऊ नकोस, उपाशी यायला सांगितलंय." दारापाशी ती थांबली. "आणि उरलेल्या दहा उतरव. बाहेर बायका बसल्यात, त्याही भिंतच बघून आल्यात."