काळी न पडणारी बाटली

“जे कधीच काळं पडत नाही ना भावना, त्याची मले जास्त भीती वाटते,” माया म्हणाली होती.

“तुला बाई मेलेलंच आवडतं!” असं म्हणून मी हसले आणि हातातल्या बाटलीचं झाकण लावून टाकलं.

खापरीजवळच्या एका लॅबमध्ये आम्ही दोघी रोपं तयार करायचो. झाडाचा इवलासा तुकडा काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यावर वाढवायचा. त्याचा गोळा होतो, गोळ्यातून रोपं फुटतात. त्या बाटलीत मायाच्या अंगणातला संत्रा होता. नंदनवन वस्तीत, ती जन्मली त्या वर्षी तिच्या वडिलांनी लावलेला.

माया डेंग्यूनं गेली तेव्हा माझी खुशी महिन्याचीही नव्हती. मला घरातून कुणी निघू दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सिमेंट रस्ता झाला, नाली अंगणातून गेली आणि झाडही गेलं. वडील आधीच वारलेले. उरल्या तिच्या आई, कौसल्याकाकू. आणि माझ्याकडची बाटली.

“तिच्या झाडाचं एक रोप मले दे वं,” काकू म्हणाल्या. “मोठी कुंडी आणून ठेवली मी.”

मी हो म्हणाले.

गोळ्याचा तुकडा नव्या बाटलीत हलवला की एक फेरी. अशा ठरावीक फेऱ्यांनंतर जुना गोळा टाकून द्यायचा आणि मूळ झाडापासून नवा सुरू करायचा, असा लॅबचा नियम. पण मूळ झाड आणू कुठून? दर फेरीला मी काळवंडलेला भाग कापून फेकायचे. पांढराशुभ्र, भराभर वाढणारा तेवढा पुढे न्यायचे. झोपलेल्या खुशीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी मी. काळं काही मला डोळ्यांपुढे नकोच होतं.

रोपं आली. बाटलीत इतकी टवटवीत, की मी काकूंना फोटो पाठवला. बाहेर काढून मातीत लावली की दुपारपर्यंत माना टाकायची. सगळीच्या सगळी.

शेवटी मुळाची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. संत्र्याच्या पेशीत अठरा गुणसूत्रं हवीत. इथे कुठे दुप्पट, कुठे नुसते तुटलेले तुकडे. बिघडलेली पेशी बहुतेक वेळा स्वतःहून मरते, म्हणून बाकीचं झाड नीट राहतं. मी मरणाऱ्या फेकत गेले आणि मरणं विसरलेल्या जपत गेले. देठाचा काप पाहिला, तर पाणी वर चढायच्या नळ्या जेमतेम. त्या नळ्या म्हणजे वेळेवर मेलेल्या, पोकळ झालेल्या पेशीच. हेही मायानंच मला शिकवलेलं.

खुशीला कडेवर घेऊन काकूंना सांगायला गेले. पायरीशी कुंडी होती, माती भरलेली, ओली.

रोपं बिघडलीत म्हटलं, तर काकूंनी खुशीच्या हातात बिस्किट दिलं. “वाकडं असलं तं काय झालं? माझंच आहे ना.”

“काकू, ते बाहेर जगतच नाही.”

“मंग बाटलीतच दे.”

“बाटलीतही जास्त दिवस नाही टिकणार.”

“मंग तू काहून आली वं? इतकंच सांगाले?” आणि लगेच हसल्या. “जाऊ दे. जेवून जाय. वांग्याची भाजी केली.”

ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी जेवले, पोटभर.

दुसऱ्या दिवशी शेवटची बाटली घेऊन गेले. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, “झोपून राहिली मी. पोरीले ऊन लागन, घरी जाय.”

त्यानंतर जितक्यांदा गेले, तेच. परवापासून तर आवाजही नाही. शेजारीण म्हणते, सकाळी दूध घेताना दिसल्या. फोन वाजून वाजून बंद होतो. मला बघितलं की त्यांना काय आठवतं, ते मला कळतं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला विनंती करते. नंदनवनात कुणी राहत असाल, तर निळ्या फाटकाचं घर आहे, पायरीशी नुसती मातीची भरलेली कुंडी. माझं नाव सांगू नका. प्यायला पाणी मागा. त्यांना उठायला वेळ लागेल, तोवर थांबा. आणि त्या हसल्या, तरी लगेच निघू नका.