बकुळच्या नावापुढचा हिरवा ठिपका

मी एक जुना हिरवा ठिपका आहे. मित्रांनो, चार देशांचा कारभार माझ्यावर चालतो. आकाराने मी मोहरीएवढा आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. संगणकात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात.

माझा जन्म कंपनीच्या चॅटमध्ये, बकुळच्या नावापुढे झाला. ती झाशीत, खंडेराव गेटजवळ राहते आणि घरी बसून परदेशी कंपनीचं काम करते. तिचे सोबती पोलंड, ब्राझील, फिलिपिन्समध्ये. कुठलं काम कुणाला द्यायचं, ते एक यंत्र ठरवतं. ते फार खोलात शिरत नाही. मी हिरवा, म्हणजे माणूस जागा. जागा, म्हणजे मोकळा. थोडा वेळ कशालाच हात लागला नाही, की मी करडा होतो.

बकुळचे वडील, हरिभाऊ, रेल्वेत सिग्नलवर होते. ते गेल्यापासून आईचं, इंदिराबाईंचं, एकच मागणं होतं: एकदा लेकीसोबत बरुआसागरच्या तळ्याकाठी बसायचं. हरिभाऊ सुटीला तिथेच नेत.

"आई, हे एवढं काम झालं की लगेच."

"दिवाळीतही हेच म्हणालीस. गुडघे माझे आहेत बेटा, तुझ्या कंपनीचे नाहीत."

एका दुपारी बकुळ टेबलावरच झोपली. मी करडा झालो. आईने ते पाहिलं. हिरवा गेला की गाडी थांबते, एवढं रेल्वेच्या घरात कळतंच. तिने हलकेच माउस हलवला. मी पुन्हा हिरवा! मग रोज दुपारी लेक झोपायची आणि आई जपमाळ ओढावी तशी माउस ओढत बसायची.

यंत्राने पाहिलं, झाशीची बाई थकतच नाही. त्याने पोलंडची कामंही तिलाच दिली. कंपनीने भर बैठकीत माझं कौतुक केलं. बकुळची दुपारची झोप मात्र गेली.

एकदा चहा घेऊन ती परतली, तर माउसवर आईचा हात.

"आई, ये क्या कर रही हो?"

"तुझी नोकरी सांभाळतेय."

बकुळ हसली, मग बराच वेळ रडली. दुसऱ्याच दिवशी सुटी टाकून दोघी निघाल्या. लॅपटॉप घरीच ठेवला.

तळ्याकाठी आईने शेंगांची पुडी सोडली. "हे इथेच बसायचे," ती म्हणाली. बकुळने फोटोसाठी फोन काढला. त्यात मी होतोच. मी हिरवा झालो. यंत्राला सुटी कळत नाही, हिरवं कळतं; त्याने लगेच काम धाडलं.

"आई, दोनच मिनिटं हं."

आईने दोघींपुरत्या शेंगा सोलल्या आणि एकटीने खाल्ल्या.

मित्रांनो, मला विझवता येतं. आपल्या माणसाजवळ बसताना मला विझवत जा. मला वाईट वाटत नाही.

बरुआसागरला नेटवर्क चांगलं आहे.